मनावरची जमीन पाहताना

इंदूरहून मनावरला जाण्याच्या वाटा दोन. एक धारवरून जाते. दुसरी महू, मानपूर ओलांडून आग्रा-मुंबई रस्त्याने गणपती घाट उतरते आणि धामनोदला उजवीकडे वळून धरमपुरीवरून मनावर गाठते. गेल्या वैशाखात आम्ही ह्या दुसऱ्या वाटेने गेलो. घाटमाथ्यापर्यंत माळवा आपल्या सोबतीला असतो. पुढे थोड्याच वेळात माणूस तीनशे मीटरांहून अधिक खाली येतो, आणि खिडकीतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा अंगाला लागतो. हे निमाड. माळव्यात आठ-दहा पिढ्या काढलेल्या आपल्या मंडळींना निमाड तसे परकेच राहिले. नर्मदेच्या स्नानाला किंवा बाघची लेणी पाहायला जायचे आणि दिवेलागणीच्या आत पठारावर परतायचे, एवढाच बहुतेकांचा त्याच्याशी संबंध.

आमच्या जाण्याचे कारण निराळे होते. माझे मामेभाऊ चैत्रात सेवानिवृत्त झाले. त्यांचा मुलगा मनावरजवळच्या सिमेंटच्या कारखान्यात नोकरीला आहे. दोन लहान नातवंडे आहेत. इंदूरचे घर विकून मुलाजवळ, गावाबाहेर मोकळ्या हवेत एक बैठे घर बांधावे, स्वतःच्या मालकीचे पाणी असावे, मागे चार झाडे असावीत, असा त्यांचा बेत होता. प्लॉट पाहून ठेवला होता. विसार तेवढा द्यायचा राहिला होता. माझी सारी नोकरी पाण्याच्या खात्यात गेली, म्हणून "दादा, तुम्ही एकदा नजरेखालून घाला," असा त्यांचा आग्रह पडला.

जमीन पाहताक्षणी मनात भरण्यासारखी होती. रस्त्यालगत, सपाट, काळीभोर. उत्तरेला विंध्याची निळसर रांग. काल-परवापर्यंत तिच्यात कपाशी उभी होती. आता चुन्याच्या फक्कीने बारा प्लॉट आखलेले, प्रत्येक तीस फूट रुंद आणि पन्नास फूट लांब. कागदपत्रे चोख होती. खसरा, नकाशा, डायव्हर्शनचा हुकूम, सारे एका पिशवीत घालून विकणारे गृहस्थ उभेच होते. त्यांनी आम्हांला मोठ्या अभिमानाने कोपऱ्यातील बोअर दाखविला आणि पंप सुरू केला. चारशे फुटांवरून आलेले गार पाणी धो धो वाहू लागले. मामेभावाने ओंजळभर पिऊन पाहिले आणि माझ्याकडे असे पाहिले, की जणू आता विचारण्यासारखे काही उरलेच नाही.

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पाणी येईल हो. पण जाईल कुठे?"

इंदूरसारख्या शहरात हा प्रश्न आपल्या मनात येत नाही. मोरीतले पाणी गेले की गेले. पुढचे नगरपालिकेने पाहावे. गावाबाहेर मात्र घरातून गेलेले पाणी कुठेच जात नाही. ते आपल्याच पायांखाली राहते, आणि पुन्हा वर यायचे असेल तर आपल्याच विहिरीतून वर येते. खसऱ्याच्या उताऱ्यात ह्याचे उत्तर नसते. ते जमिनीला विचारावे लागते.

जमिनीचे पोट पाहण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे शेजाऱ्याची विहीर. उतारावर दीड-दोनशे पावलांवर एका पटेलबाबांची जुनी उघडी विहीर होती. वैशाखामुळे पाणी तळाला गेलेले, त्यामुळे विहिरीची भिंत एखाद्या उघड्या पोथीसारखी वाचता येत होती. वर सहा-सात फूट काळी माती. तिच्याखाली हातभर पिवळट चिकण, तिच्यात चुनखडे. मग ठिसूळ मुरूम. मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक, आणि अगदी तळाशी एकसंध काळा पाषाण. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्याने सारे दख्खन झाकले, त्याचेच हे थर. सह्याद्रीच्या कुशीतील विहिरीही अशाच वाचता येतात. मुरूम आणि मांजऱ्या ह्यांच्या सांध्यात एक ओली रेघ होती. तिथून पाणी पाझरत होते. खालचा काळा पाषाण पाणी देत नाही, पण वरचे धरून ठेवतो.

पटेलबाबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती कोणत्याही नकाशात मिळाली नसती. मान नदीवर जीराबादजवळ धरण झाले, २००२ साली त्यात पाणी अडले आणि पुढे ह्या भागात कालवे आले. पूर्वी दिवाळीनंतर विहीर झपाट्याने उतरत असे. आता कालवा चालू असेतोवर ती माघापर्यंत भरलेली राहते. शेतकऱ्याला हे वरदानच. पण ज्याला जमिनीत मैला मुरवायचा आहे, त्याने ह्यातून एवढे ध्यानात घ्यावे, की भूजलाची पातळी वैशाखात पाहून काही कळत नाही. वर्षातले सात-आठ महिने पाणी कुठे उभे असते, ते पाहायला हवे.

मनावरच्या परिसराची गंमत अशी, की सारा प्रदेश एका दगडाचा नाही. बाघ आणि जीराबादच्या बाजूला लाव्ह्याच्या खालचे, त्याहूनही जुने वाळूचे व चुन्याचे खडक उघडे पडले आहेत. ते सागराने घडविलेले आहेत. एके काळी समुद्राचा एक फाटा इथवर आला होता. पाडल्या गावचे लोक ज्या गोल दगडांना काकड भैरव म्हणून पिढ्यान् पिढ्या पूजत होते, ते डायनोसॉरची अंडी असल्याचे शास्त्रज्ञांनी सांगितले, ही २०२३ सालची बातमी वाचकांना आठवत असेल. त्याच बाजूचा हा मुलूख. असो. आपल्या विषयापुरते महत्त्व एवढेच, की एका गावचा अनुभव पाच कोसांवरच्या दुसऱ्या गावाला लागू पडत नाही. चुनखडीत पाणी भेगा विरघळवून वाटा करते. अशा दगडावर मातीचा थर पातळ असेल, तर वरची घाण गाळली न जाता सरळ विहिरीत उतरते. कॅनडातील वॉकरटन गावी मे २००० मध्ये हेच घडले. जोराच्या पावसाने शेतातले शेणखत भेगाळलेल्या चुनखडीतील एका उथळ विहिरीत गेले, निर्जंतुकीकरणात हयगय झाली होती, आणि सुमारे २३०० माणसे आजारी पडून ७ दगावली. तेव्हा ही केवळ आपल्या खेड्यांची गोष्ट नव्हे.

आम्ही पाहिलेली जमीन लाव्ह्याच्या दगडाची होती, तेवढ्यापुरती बरी. पण सेप्टिक टँक म्हणजे काय, ह्याविषयी लोकांचे अज्ञान पाहून मी थक्क झालो. टाकीत मैला जातो आणि तिथे त्याचे पाणी होऊन तो संपतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. टाकीत फक्त गाळ बसतो आणि काही अंशी कुजतो. दोन-तीन वर्षांनी तो उपसावा लागतो. टाकीतून बाहेर पडणारे पाणी दिसायला निवळ असले तरी ते रोगजंतूंनी भरलेले असते. त्याची खरी शुद्धी पुढे, शोषखड्ड्याभोवतालच्या कोरड्या, हवा खेळत्या मातीत होते. माती हीच गाळणी. खड्ड्याच्या बुडाशी भूजल येऊन टेकले, की गाळणी नाहीशी होते आणि उरतो तो मैल्याचा व विहिरीचा सरळ संयोग.

त्या बारा प्लॉटांपैकी चारांवर गेल्या तीन वर्षांत घरे झाली होती. एका घरी टाकीला बूडच नव्हते. "त्यामुळे कधी भरत नाही," असे मालकांनी कौतुकाने सांगितले. दुसऱ्या घरी ऐकलेले आजही आठवले की अंगावर काटा येतो. त्यांचा पहिला बोअर कोरडा गेला होता. दीड-दोनशे फूट खोल ते भोक वाया का घालवायचे, म्हणून संडासाचे पाणी त्यात सोडले होते! उत्तम चालते, म्हणाले. चालणारच. वरचे सारे मातीचे थर टाळून मैला थेट खडकाच्या भेगांत पोचविण्याची ह्याहून सरळ वाट नाही. त्या भेगा पुढे कोणाच्या पंपाला जाऊन भिडतात, हे कोणी पाहिले आहे?

मी खिशातून टेप काढला. भारतीय मानकाची २४७० क्रमांकाची संहिता सांगते, की शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर दूर असावा आणि राहत्या घरापासून ६ मीटर. भेगाळ खडकात १८ मीटरही थोडेच. प्लॉटची लांबी पन्नास फूट, म्हणजे १५.२४ मीटर. बरे, अगदी ह्या कोपऱ्यात बोअर आणि समोरच्या तिरप्या कोपऱ्यात खड्डा घेतला तर? मामेभाऊ जन्मभर हिशेबातला माणूस. त्यांनी तिथल्या तिथे कर्ण काढला. तो भरला ५८.३ फूट, म्हणजे पावणेअठरा मीटरांच्या किंचित वर. घराला जागा न ठेवतासुद्धा अठरा मीटर भरत नव्हते. आणि हा झाला स्वतःचा खड्डा. शेजाऱ्याचा खड्डा कुंपणाला लागून आला तर त्याला कोण अडविणार? बारा प्लॉट, बारा बोअर, बारा खड्डे. कागदावर ज्याचा त्याचा तुकडा वेगळा. खाली सारे एकच पातेले.

तरीही परीक्षा केल्यावाचून निकाल देऊ नये, म्हणून आम्ही एक हातभर रुंद खड्डा खणविला, तळाशी दोन इंच बारीक खडी घातली आणि पाणी ओतले. काळ्या मातीला वैशाखात मनगट जाईल एवढ्या भेगा असतात. बादलीभर पाणी पाहता पाहता गडप झाले. विकणाऱ्या गृहस्थांचा चेहरा उजळला. परंतु संहितेत एक अट आहे, ती बहुतेक जण घाईत गाळतात. खड्डा आदल्या दिवशी भरून रात्रभर भिजू द्यायचा आणि मोजणी दुसऱ्या दिवशी करायची. आम्ही भाच्याच्या क्वार्टरवर मुक्काम केला. अंधार पडेपर्यंत खड्डा तीनदा भरला. सकाळी जाऊन पाहतो तो भेगा मिटलेल्या, माती लोण्यासारखी फुगलेली. खडीवर सहा इंच पाणी राखून, पट्टी रोवून, आम्ही घड्याळ लावून बसलो. पाणी अडीच सेंटिमीटर उतरायला तीस मिनिटांच्या आत वेळ लागला तर शोषखड्डा चालतो. तीस ते साठ मिनिटे लागली तर खड्ड्याऐवजी लांब चर घ्यावे लागतात. साठाच्या पुढे गेल्यास जमिनीत मुरविण्याचा नाद सोडून निराळी गाळणी बांधावी. आमचे पाणी दोन तासांतही अडीच सेंटिमीटर उतरले नाही. वहिनींनी डब्यातले दशमी-पिठले वाढले, ते खाऊन झाले, तरी पाणी जवळपास तिथेच.

पाण्याची परीक्षा राहिली होती. बोअरचे पाणी बाटलीत भरून इंदूरच्या प्रयोगशाळेत दिले. धार आणि झाबुआ हे दोन्ही जिल्हे पाण्यातील फ्लोराइडसाठी प्रसिद्ध आहेत. मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅमची. दुसरे पाणी नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. आमचा अहवाल दीडच्या वर आला. हे विष चवीला, वासाला, रंगाला कशालाच कळत नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटते तसे दाट होते. लहान मुलांच्या येणाऱ्या दातांवर आधी खडूसारखे आणि पुढे तपकिरी डाग पडतात. बरीच वर्षे असे पाणी पोटात गेले तर सांधे धरतात, पाठ वाकते. तुरटी आणि चुना वापरून ते कमी करण्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या संस्थेने, म्हणजे नीरीने, बसवून दिली. पण ती रोज, मापाने आणि न कंटाळता करावी लागते. झाबुआकडे काम करणारी मंडळी आहारात चुना असलेल्या पालेभाज्या वाढवायला सांगतात, त्यांत आपला पावसाळी टाकळाही आहे, हे ऐकून वहिनींना बरे वाटले. मला मात्र त्या दोन नातवंडांचे दुधाचे दात डोळ्यांपुढे दिसत होते.

पटेलबाबांच्या उथळ विहिरीत फ्लोराइड एकाच्या आत भरले. म्हणून तिच्यासाठी मी दुसरी बाटली आणली होती. औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरून दिवस-दोन दिवस ऊबेत ठेवायचे. विष्ठेतील जंतू असतील तर पाणी काळे होते. ह्या साध्या, स्वस्त युक्तीचा शोध ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी लावला आणि १९८२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पुढे तो जगभर गेला. आपल्या ग्वाल्हेरकर वाचकांना हे ठाऊक असावे म्हणून मुद्दाम लिहितो. पटेलबाबांच्या पाण्याची बाटली दुसऱ्याच सकाळी शाईसारखी झाली. गुरे विहिरीजवळच बांधतात, तेव्हा दोष सर्वस्वी वरच्या घरांचा असे मी म्हणणार नाही. पण विहीर उताराच्या तळाशी होती आणि घरे उताराच्या माथ्याशी. बाबांनी बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली. ह्याच पाण्यावर त्यांच्या तीन पिढ्या वाढल्या होत्या.

वराहमिहिर आपल्या अवंतीचाच. त्याच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा एक अध्यायच आहे. कोणत्या झाडाच्या कोणत्या दिशेला, वारूळ असल्यास किती खोल पाणी लागेल, हे तिथे तपशिलाने सांगितले आहे. गढूळ विहीर निवळीच्या बियांनी कशी सुधारावी तेही आहे. आजचा पाणाड्या हातावर नारळ घेऊन चालतो तोही त्याच शोधात. पाणी कुठून येते ह्याची आपल्याकडे दीड हजार वर्षे चौकशी चालू आहे. ते कुठे जाते, हे विचारायला वहिनींसारखे कोणी तरी लागते.

विसार त्या फेरीत दिला नाही. मी म्हटले, भाद्रपदात पुन्हा येऊ. मामेभाऊ थोडे खट्टू झाले. प्लॉट तोवर राहतील की नाही ह्याची त्यांना धास्ती. पण आले.

भाद्रपदात तीच जमीन ओळखू आली नाही. कपाशी कमरेला लागत होती, नाले वाहत होते, आणि प्लॉटांवर पाऊल घोट्यापर्यंत रुतत होते. वैशाखातला आमचा खड्डा काठोकाठ भरला होता. पण ते पावसाचे पाणी म्हणावे, तर तीन दिवस उघाड होती. दोन बादल्या उपसल्या, तासाभरात तो खालून पुन्हा भरला. भूजल स्वतःच वर येऊन बसले होते. त्या बूड नसलेल्या टाकीच्या झाकणाशी हिरवट पाणी चमकत होते आणि तिथून एक बारीक ओघळ कुंपणाखालून उताराला लागला होता. ह्या वेळी मला बोलावेच लागले नाही.

पटेलबाबांच्या चुलत्यांची थोडी जमीन पलीकडच्या टेकाडावर होती. तिचा उतार दुसऱ्या नाल्याकडे. काळी माती जेमतेम हातभर, तिच्याखाली पिवळा मुरूम. कपाशीला नालायक म्हणून ती पडीकच होती; किंमतही कमी. तिथे दहा फूट खणून पाहिले, तो भर भाद्रपदात खड्डा कोरडा. रात्रभर भिजवून मोजले तेव्हा अडीच सेंटिमीटरला बावीस मिनिटे लागली. टेकाडाच्या अगदी माथ्यावर, जिथे भेगाळ दगड उघडा पडला होता, तिथे पाणी दोन-तीन मिनिटांतच उतरले. मामेभावाला ती जागा अधिक पसंत पडली. मी नको म्हटले. जो दगड इतक्या चटकन पाणी पितो, तो काही गाळत नाही. बावीस मिनिटांची जागा बरी. पाऊण बिघ्याचा सौदा ठरला. खड्डा एका टोकाला, विहीर वरच्या बाजूला दुसऱ्या टोकाला, मध्ये अठराच्या जागी चाळीस मीटर.

विहिरीचे पाणी धुण्याभांड्यांना आणि झाडांना. पिण्याचे काय? ह्यात वहिनींनी देवासचे उदाहरण काढले. त्यांचे माहेर तिथले. १९९० च्या एप्रिलमध्ये इंदूरहून रेल्वेच्या टाक्यांतून देवासला पाणी आणावे लागले होते, ते दिवस त्यांनी पाहिले आहेत. पुढे २००६ पासून त्याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी हजारोंनी शेततळी खणली आणि गावागावांतून छपराचे पाणी साठवू लागले. हिशेब सोपा आहे. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर. वर्षाला सहाशे मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी अठ्ठेचाळीस हजार लिटर हाती येते. पाच माणसांच्या पिण्याला आणि स्वयंपाकाला रोजचे पन्नास लिटर, म्हणजे वर्षाचे सव्वाअठरा हजार. आभाळाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसतेच. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यायचे, टाकी झाकलेली ठेवायची आणि पाणी उकळून प्यायचे. वहिनींनी घराच्या नकाशात सर्वांत आधी टाकी काढली, मग स्वयंपाकघर.

परतीच्या दिवशी निरोप घ्यायला पटेलबाबांकडे गेलो. बारा प्लॉटांपैकी सात आता विकले गेले होते. पाचव्या घराचा पाया निघत होता आणि त्याच्या खड्ड्याला सहा फुटांवरच पाणी लागले होते; गवंडी ते पंपाने उपसून वीट लावीत होता. उपसलेले पाणी उताराने खाली येत होते. बाबांची नात घागर घेऊन विहिरीकडे निघाली होती. बाबांनी तिला हाक मारून परत बोलावले आणि शाळेजवळच्या हापशावर पाठविले. त्या हापशाचे पाणी आम्ही अजून तपासलेले नव्हते. मी पिशवीतून एक रिकामी बाटली काढून तिच्या मागोमाग गेलो.